दिवस कुठून मोजायचे?

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



स्त्रीरोगतज्ज्ञाला बोलावलं की तो रक्तक्षयावर किंवा आहारावर बोलणार, असं संयोजक धरूनच चालतात. गर्भारपणाचे दिवस डॉक्टर कसे मोजतात यावर बोलेन, असं मी कळवलं तेव्हा चिटणीसांनी विचारलं, ‘एवढ्यावर तासभर बोलता येईल?’ येईल. कारण या एका मोजणीवर औषधं ठरतात, रजा ठरते, कायद्याने काय करता येतं ते ठरतं, आणि कधी कधी घरातली शांतताही ठरते.

सुरुवात कोर्टापासून करू. भारतीय पुरावा कायदा १८७२ सालचा. त्याचं कलम ११२ असं सांगत होतं की, नवऱ्याच्या मृत्यूने किंवा घटस्फोटाने लग्न संपलं, बाईने पुन्हा लग्न केलं नाही आणि त्यानंतर २८० दिवसांच्या आत तिला मूल झालं, तर ते त्याच नवऱ्याचं औरस मूल. त्या काळात दोघांचा संबंध येणं शक्यच नव्हतं असं सिद्ध झालं तरच अपवाद. १ जुलै २०२४पासून हा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला, कलम ११६ झालं, पण आकडा २८०च राहिला. आमच्या ओपीडीतही प्रसूतीची तारीख काढताना २८०च दिवस धरतात. ऐकणाऱ्याला वाटतं, वकील आणि डॉक्टर निदान इथे तरी एकमताने बोलतात. तसं नाही.

कायद्याचे २८० दिवस लग्न संपल्या क्षणापासून सुरू होतात. म्हणजे गर्भ राहण्याची जी शेवटची शक्यता, तिथून. आमचे २८० दिवस सुरू होतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, आणि त्या दिवशी बाई गरोदर नसते. अठ्ठावीस दिवसांचं चक्र असेल तर बीज सुटतं साधारण चौदाव्या दिवशी. तेव्हा बाळ प्रत्यक्ष पोटात असतं सरासरी २६६ दिवस. कायद्याने विधवेच्या आणि तिच्या मुलाच्या पदरात चौदा दिवस जास्तीचे टाकले आहेत. माझं मत विचाराल तर चांगलंच झालं. ब्रिटनमध्ये असा आकडा ठरवून दिलेला नव्हता, तेव्हा तिथे न्यायाधीशांना प्रत्येक वेळी खल करावा लागे. १९२१ साली एका न्यायालयाने ३३१ दिवसांचं गर्भारपण मान्य केलं. १९५१ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे ३६० दिवसांचा दावा आला, तो काही लॉर्डांच्या गळी उतरला नाही.

हा चौदा दिवसांचा फरक कोर्टापेक्षा आमच्या दवाखान्यात जास्त छळतो. नवी सून, सोबत सासूबाई, हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट. रिपोर्टवर छापलेलं असतं सात आठवडे एक दिवस. लग्नाला झालेले असतात बरोबर सहा आठवडे. सून खाली बघत असते, सासूबाई माझ्याकडे बघत असतात, आणि प्रश्न कुणीच विचारत नाही. अशा वेळी मी उलट विचारतो, ‘काकू, मुहूर्त काढताना मुलीची पाळी विचारली होती ना?’ विचारलेली असतेच. आपल्याकडे लग्नाची तारीख धरताना गुरुजींच्या पंचांगाइतकीच मुलीच्या पाळीची तारीख बघतात. लग्नात अडचण नको, म्हणून मुहूर्त पाळी आटोपल्यावरचा धरतात. म्हणजे पाळी लग्नाच्या आठ दिवस आधी सुरू झाली, बीज लग्नानंतरच्या सहाव्या दिवशी सुटलं, आणि गर्भ राहिला. आमची मोजणी मात्र पाळीपासून, म्हणून लग्नाच्या आधीचे आठ दिवस आपोआप बाळाच्या खात्यावर जमा झाले. केसपेपरच्या मागे रेघ मारून हे दाखवलं की दोघींचेही चेहरे सैल होतात. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील तर हिशेब आणखी वाकडा होतो, पण तोही सोडवता येतो.

मग डॉक्टर सरळ गर्भ राहिल्यापासून का मोजत नाहीत? कारण बीज गुपचूप सुटतं. बाईला कळत नाही, डॉक्टरला कळत नाही. पाळी मात्र दिसते, आणि तिची तारीख सांगता येते. बीज नेमकं केव्हा सुटतं हेच मुळात शंभर वर्षांपूर्वीपर्यंत नक्की ठाऊक नव्हतं. जपानमध्ये क्यूसाकू ओगिनो यांनी १९२४ साली आणि ऑस्ट्रियात हर्मान क्नाउस यांनी १९२९ साली, स्वतंत्रपणे, हे मांडलं की बीज सुटण्याचा दिवस मागच्या पाळीपासून नव्हे तर पुढच्या पाळीपासून उलटा मोजायचा. तो साधारण चौदा दिवस आधी येतो. म्हणून जिची पाळी पस्तीस दिवसांनी येते, तिचं बीज एकविसाव्या दिवसाच्या सुमारास सुटतं, आणि तिची तारीख अठ्ठावीस दिवसांच्या हिशेबाने काढली तर आठवड्याने चुकते. हे कळण्याआधीच प्रसूतीची तारीख काढण्याचा नियम रूढ झाला होता.

तो नियम जर्मनीत हायडेलबर्गला शिकवणाऱ्या फ्रान्झ कार्ल नेगेल यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी सुईणींसाठी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकातून तो सगळीकडे गेला. नेगेल यांनी स्वतः श्रेय दिलं होतं त्यांच्या शंभर वर्षं आधीच्या, लायडनच्या हर्मान बूरहाव यांना. नियम सोपा. पाळीच्या पहिल्या दिवसातून तीन महिने मागे या, सात दिवस मिळवा. पाळी १० जूनला, तर तारीख पुढच्या वर्षीची १७ मार्च. मोजून बघा, बरोबर २८० दिवस भरतात. आता १ मेची पाळी घ्या. तारीख येते ८ फेब्रुवारी, आणि दिवस भरतात २८३. फेब्रुवारी मध्ये आला की नाही यावर नियमातच तीन दिवसांचा झोल आहे. शिवाय बूरहाव यांनी पाळीचा पहिला दिवस धरला की शेवटचा, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. औषध कंपन्या आम्हाला पुठ्ठ्याच्या गोल चकत्या देतात, त्यावर पाळीची तारीख जुळवली की प्रसूतीची दिसते. दोन कंपन्यांच्या चकत्या शेजारी ठेवून पाहा, एकाच बाईच्या दोन तारखा निघू शकतात.

आणि हे २८० दिवस निसर्ग तरी पाळतो का? १९९० साली बोस्टनमध्ये झालेल्या एका अभ्यासात पहिलटकरणींचं गर्भारपण पाळीपासून २८८ दिवसांचं भरलं, आधी मूल झालेल्यांचं २८३. अमेरिकेतच नॉर्थ कॅरोलिनात काही स्त्रियांच्या रोजच्या लघवीतून संप्रेरकं तपासून बीज सुटल्याचा दिवस नक्की केला होता. तिथल्या १२५ बाळंतपणांच्या नोंदी २०१३ साली प्रसिद्ध झाल्या. बीज सुटल्यापासून प्रसूतीपर्यंतचा मध्य निघाला २६८ दिवस. पण सगळ्यांत छोटं आणि सगळ्यांत लांब गर्भारपण यांत तफावत होती तब्बल ३७ दिवसांची, तीही अपुऱ्या दिवसांची बाळं बाजूला काढल्यावर. सुरुवात अचूक ठाऊक असूनही शेवट पाच आठवड्यांत पसरलेला. बरोबर ठरल्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच.

आपल्या घरांतला आकडा वेगळाच: नऊ महिने नऊ दिवस. घरचे महिने तिथीचे असतील तर एक महिना साडेएकोणतीस दिवसांचा. नऊ महिने नऊ दिवस म्हणजे पावणेतीनशे दिवस. नेगेलच्या हिशेबाच्या पाचच दिवस अलीकडे. परंपरेने हा आकडा कसा काढला कोणास ठाऊक असं म्हणून थक्क व्हायचं काही कारण नाही. आयाबायांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं होतं. सुश्रुतसंहितेत तर नवव्यापासून बाराव्या महिन्यापर्यंत प्रसूती होऊ शकते असं म्हटलं आहे, आणि दशमासांचा उल्लेख ऋग्वेदाइतका जुना आहे. गडबड होते ती महिने नावांनी मोजले की. २०२३ साली अधिक श्रावण आला होता. समजा त्या वर्षी एखादीची पाळी ऐन गुढीपाडव्याला, २२ मार्चला, आली. चैत्र ते पौष असे बोटांवर नऊ महिने मोजले तर पौषाची प्रतिपदा आली १२ जानेवारीच्या सुमारास, आणि वर नऊ दिवस. नेगेलच्या नियमाने तारीख २९ डिसेंबर. म्हणजे घरचे ‘अजून दिवस भरायचेत’ म्हणून निवांत, आणि डॉक्टरच्या हिशेबाने १० जानेवारीलाच बेचाळीस आठवडे पुरे. वार म्हातारी होऊ लागते, गर्भजल कमी होतं, तो हा काळ. अधिकमासात जावयाला अनारसे द्यायचे लक्षात राहतात, पण सुनेच्या दिवसांत एक महिना मिळवायचा राहून जातो.

आठवड्यांच्या भाषेनेही घोटाळा होतो. आम्ही सांगतो चाळीस आठवडे, लोक चाराने भागतात आणि विचारतात, ‘म्हणजे दहा महिने?’ बावीस आठवडे म्हटलं की घरी सांगताना साडेपाचवा की सहावा यावर चर्चा होते. मी आता दोन्ही सांगतो.

एक समज मात्र मला कधीच आवडला नाही: सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही. हा फक्त आपला नाही. ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांत तो आहे, आणि आयुर्वेदाने आठव्या महिन्यात ओज अस्थिर असतं असं त्याचं कारण दिलं आहे. खरी गोष्ट उलटी आहे. पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा फुफ्फुसांना हवाच असतो. मग समज टिकला कसा? मला वाटतं, चुकीच्या मोजणीनेही त्याला हातभार लावला असणार. लग्नानंतर सातव्या महिन्यात झालेलं, गुटगुटीत, तीन किलोचं मूल अनेक घरांनी ‘सातमाशी’ म्हणून साजरं केलं. ते जगलं यात नवल काय!

आता ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या डॉक्टरीणबाईंकडे वळतो. शिकाऊ डॉक्टर म्हणून त्यांच्या हाताखाली मी जे शिकलो, त्यात सगळ्यांत आधी शिकलो पाळीची तारीख विचारायला. ‘तारीख काय?’ असं विचारायचंच नाही, हा त्यांचा दंडक. बाईला महिन्याची तारीख आठवत नाही. तिला आठवते अडलेली पूजा. संवाद असा होई:

‘ताई, शेवटची पाळी कधी आली?’

‘बाई, पोळ्याच्या आसपास.’

‘पोळ्याच्या दिवशी पुरणपोळी कुणी केली?’

‘मीच की. दुसऱ्या दिवशी बाहेरची झाले.’

‘मग हरतालिकेची पूजा?’

‘नाही ना झाली. डोक्यावरून पाणी घेतलं होतं, पण सासूबाई म्हणाल्या, उद्यापासून शिव.’

मग भिंतीवरचं कालनिर्णय काढायचं. उदाहरणार्थ २०२५चा पोळा २२ ऑगस्टला, हरतालिका २६ला. पाळी २३ ऑगस्टला. हरतालिका चौथ्या दिवशी. दोन्ही टोकं जुळली, तारीख पक्की. प्रसूतीची तारीख ३० मे २०२६. बाई केसपेपरवर नुसती तारीख लिहीत नसत, शेजारी ‘पोळ्याचा दुसरा दिवस’ असंही लिहीत. पुढे शंका आली तर आठवणीपर्यंत परत जाता यायला हवं, असं त्या म्हणत. बाजूला बसवण्याच्या प्रथेचं मला कौतुक नाही, पण तिने गावोगाव एक बिनचूक नोंदवही चालवली होती. ती प्रथा गेली हे बरंच झालं. तिच्यासोबत आठवणीचा खुंटा गेला, त्याच्या जागी कॅलेंडरवर पेनाने एक गोल करायला मात्र आम्हाला नव्याने शिकवावं लागतं.

पण बाळ अंगावर पीत असताना पाळी आलीच नाही आणि दिवस राहिले, तर कुठला पोळा आणि कुठली हरतालिका? गर्भ रुजताना थोडं रक्त जातं, तेच पाळी समजलं तर महिना चुकतो. अशा वेळी पूर्वी हात हेच साधन होतं. बारा आठवड्यांना गर्भाशय ओटीपोटातून हाताला लागू लागतं, वीस ते चोवीसच्या दरम्यान बेंबीशी येतं, छत्तीसला छातीच्या पिंजऱ्याच्या टोकाशी; मग बाळ खाली उतरलं की पुन्हा थोडं खाली. पहिलटकरणीला बाळ फिरलेलं अठरा-वीस आठवड्यांना जाणवतं, दुसरेपणी दोनेक आठवडे आधी. टेप लावून मोजलेले सेंटिमीटर विसाव्या आठवड्यानंतर बरेचसे आठवड्यांच्या आकड्याशी जुळतात. जुळी असली, पाणी जास्त असलं, बाई अंगाने भरलेली असली, की हे सगळं ढेपाळतं.

यातून बाहेर काढलं ते ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात असल्याने रडारची त्यांना ओळख होती. १९५५ साली ते एका बॉयलर कारखान्यात गेले. तिथे पोलादातली भेग शोधायला अल्ट्रासाउंड वापरत. डोनाल्डसाहेब मोटारीच्या डिकीत ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी घालून घेऊन गेले, आणि पाण्याची गाठ व मांसाची गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात हे त्या यंत्रावर पाहिलं. जॉन मॅकव्हिकर आणि इंजिनिअर टॉम ब्राउन यांच्यासह त्यांचा लेख १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे ग्लासगोतच ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ साली गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून वय काढायची रीत मांडली. आज तुमच्या रिपोर्टवर सीआरएल म्हणून जो आकडा असतो, तो हाच. सेंटिमीटरमधल्या या लांबीत साडेसहा मिळवले की साधारण आठवडे येतात: साडेपाच सेंटिमीटरचं बाळ बारा आठवड्यांचं.

ही रीत इतकी भरवशाची का, ते नीट समजून घ्या, कारण माझं आजचं म्हणणं इथेच आहे. पहिल्या तीन महिन्यांत नाशिकचं बाळ आणि नॉर्वेचं बाळ जवळजवळ सारख्या वेगाने वाढतात. आई उंच की ठेंगणी, खाऊनपिऊन सुखी की अर्धपोटी, याचा फरक तेव्हा फारसा पडत नाही. म्हणून लांबीवरून वय काढता येतं. पुढे प्रत्येक बाळ आपापल्या वाटेने वाढतं, आणि मग मापावरून वय काढणं म्हणजे दहावीच्या वर्गात उंची बघून जन्मतारीख सांगण्यासारखं होतं. अमेरिकी प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली याच्या सीमा घालून दिल्या. नऊ आठवड्यांच्या आत पाळीची तारीख आणि सोनोग्राफी यांत पाच दिवसांपेक्षा जास्त फरक असेल तर सोनोग्राफी मानायची. त्यापुढे सोळाव्या आठवड्यापर्यंत ही सूट सात दिवसांची, मग दहा, मग चौदा. अठ्ठावीसनंतर एकवीस दिवसांची. म्हणजे शेवटच्या तिमाहीत यंत्र तीन आठवड्यांपर्यंत वेगळं बोललं, तरी तेवढ्यावरून तारखेला हात लावायचा नाही.

आणि घरोघर नेमकं उलटं होतं. मघाचीच पोळ्याची बाई घ्या. नवव्या आठवड्यातल्या रिपोर्टवर तारीख ३० मे. विसाव्या आठवड्यात व्यंग पाहायच्या सोनोग्राफीत खाली छापून येतं ३ जून. चौतिसाव्या आठवड्यात तिसरा रिपोर्ट, त्यावर १७ जून. नवरा तिन्ही कागद टेबलावर मांडतो: ‘डॉक्टर, तारीख पुढे गेली ना?’ सासूबाई म्हणतात, ‘बरं झालं, लगीनसराई तरी उरकेल.’ तारीख कुठेही गेलेली नसते. यंत्रात एक तक्ता घातलेला असतो, बहुधा ह्यूस्टनच्या हॅडलॉक यांनी १९८०च्या दशकात अमेरिकी बाळांवरून केलेला. यंत्र डोकं, पोट, मांडीचं हाड मोजतं आणि तक्त्यात एवढ्या मापाचं बाळ किती आठवड्यांचं असतं ते छापतं. तिसऱ्या कागदाचा खरा अर्थ असा की बाळ अपेक्षेपेक्षा अठरा दिवसांनी लहान दिसतंय. ते मोजणीतलं कमीजास्त असेल, मूळ चणच बारीक असेल, किंवा वारेतून त्याला पुरेसं पोषण मिळत नसेल. शेवटची शक्यता असेल तर नाळेतला रक्तप्रवाह तपासायला हवा, पाणी बघायला हवं, कदाचित ३० मेच्याही आधी बाळंतपण करायला हवं. आणि घरात सगळे १७ जूनची वाट बघतायत! तारीख पहिल्या तिमाहीत एकदा ठरली की ती गोठवायची. छापील रिपोर्टच्या तळाशी दर वेळी नवी तारीख उमटवायची पद्धत रेडिओलॉजिस्ट मित्रांनी बंद केली तर निम्मे गैरसमज आपोआप मिटतील.

आयव्हीएफच्या जोडप्यांना हा त्रास नाही. पाच दिवसांचा गर्भ आत सोडला त्या दिवसात २६१ मिळवायचे, की झालं. तरीही त्यांच्या कागदावर वय लिहिताना आम्ही चौदा दिवस मिळवतोच, कारण सगळे तक्ते पाळीपासूनचे. जिला मुळात पाळीच आली नव्हती, गोळ्यांवर अस्तर तयार केलं होतं, तिलाही आम्ही एक काल्पनिक पाळी बहाल करतो.

मोजणी चुकली तर बिघडतं काय, याचं सगळ्यांत कडू उदाहरण आपल्या विदर्भाशी जोडलेलं आहे. अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण होणार असं दिसलं की आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउवी यांनी १९७२ साली दाखवलेला हा उपाय मोठ्या रुग्णालयांत हजारो जीव वाचवत आला आहे. तो खेडोपाडी न्यावा म्हणून सहा देशांत एक मोठी चाचणी झाली, त्यात भारतातून नागपूर आणि बेळगाव होतं. २०१५ साली निष्कर्ष आले. फायदा दिसला नाही, उलट एकंदर नवजात मृत्यू थोडे वाढले. कारणांवर बराच खल झाला, पण एक गोष्ट उघड होती. तिथे बहुसंख्य ठिकाणी लवकरची सोनोग्राफी नव्हती; पाळीची तारीख ठाऊक नसेल तिथे पोटावर रंगीत टेप लावून गर्भाची मुदत ठरवली होती. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक बायकांची बाळं प्रत्यक्षात तेवढी लहान नव्हतीच. त्यानंतर पाच देशांतल्या रुग्णालयांत दुसरी चाचणी झाली, तीही भारतासह, पण सोनोग्राफीने दिवस पक्के केलेल्या बायकांवर. २०२० साली निकाल आला: नवजात मृत्यू घटले. दोन चाचण्यांत इतरही फरक होते, रुग्णालयाची सोय हा मोठाच. तरी आठवडे नक्की ठाऊक असणं हा औषधाचाच एक भाग आहे, हे त्यानंतर कुणी नाकारलं नाही.

नागपूरचं नाव एका चांगल्या कारणानेही घ्यायला हवं. गर्भाच्या वाढीचं जागतिक प्रमाण ठरवायला आठ देशांत ‘इंटरग्रोथ-२१’ हा अभ्यास झाला, त्यातलं भारतातलं केंद्र नागपूर. ऑक्सफर्ड, सिएटल, नैरोबी, मस्कत यांच्या बरोबरीने नागपूरच्या सुदृढ आयांची बाळं पोटात मोजली गेली, आणि २०१४ साली ते तक्ते प्रसिद्ध झाले. सुस्थितीतल्या आईच्या पोटातलं बाळ जगात कुठेही जवळपास सारखंच वाढतं, असा त्यांचा निष्कर्ष.

त्याआधी पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९०च्या दशकात जे केलं, ते मला त्याहून मोठं वाटतं. गरोदर झाल्यावर तारीख विचारायचीच नाही, आधीपासून दर महिन्याला घरोघर जाऊन विवाहित स्त्रियांच्या पाळीची नोंद ठेवायची. पाळी चुकली की सोनोग्राफी. त्यामुळे तिथल्या बाळांचं जन्माचं वजन कमी होतं ते दिवस कमी भरल्यामुळे की पोटात वाढ कमी झाल्यामुळे, हे वेगळं करता आलं. हडकुळं दिसणारं पण चरबी राखून असलेलं भारतीय बाळ, आणि त्याच्या पुढच्या आयुष्यातला मधुमेह, ही सगळी चर्चा त्या पाळीच्या वह्यांवर उभी आहे. ऊन-पावसात दारोदार फिरून त्या वह्या भरणाऱ्या कार्यकर्त्या बायकांची नावं आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नसतात.

ज्यांना पहिल्या तिमाहीत सोनोग्राफी मिळतच नाही त्यांच्यासाठी अलीकडे एक वाट निघाली आहे. गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयातल्या गरोदर स्त्रियांच्या मापांवरून फरिदाबादच्या टीएचएसटीआय आणि आयआयटी मद्रासच्या लोकांनी भारतीय सूत्रं तयार केली. दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीसाठीचं ‘गर्भिणी-जीए२’ २०२४ साली जाहीर झालं. हॅडलॉकच्या सूत्रापेक्षा त्याची चूक बरीच कमी आहे असं त्यांनी दाखवलं. उशिरा आलेल्या बाईसाठी याचं मला स्वागतच आहे. लवकर येऊ शकणाऱ्या बाईने मात्र या भरवशावर पहिली सोनोग्राफी टाळू नये.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. गर्भपाताच्या १९७१च्या कायद्यात वीस आठवड्यांची सीमा होती. २००८ साली मुंबईतलं एक दांपत्य आणि त्यांचे डॉक्टर उच्च न्यायालयात गेले, कारण गर्भाच्या हृदयातला दोष ती सीमा उलटल्यावर दिसला होता. परवानगी मिळाली नाही. २०२१च्या दुरुस्तीने काही गटांतल्या स्त्रियांसाठी सीमा चोवीस आठवड्यांवर नेली, आणि गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या मताने त्यापुढेही वाट मोकळी केली. तेवीस आठवडे सहा दिवस आणि चोवीस आठवडे एक दिवस यांत कायद्याच्या लेखी केवढं अंतर आहे, आणि पाळीच्या आठवणीत केवढं थोडं! बाळंतपणाची रजाही अपेक्षित तारखेच्या जास्तीत जास्त आठ आठवडे आधीपासून घेता येते. दाखल्यावर आम्ही लिहितो त्या तारखेवरून ती मोजतात.

शेवटी, तारीख उलटली की काय? फोन सुरू होतात. गावाकडून, पुण्याहून, अमेरिकेतल्या मावशीचा व्हॉट्सॲपवर. एकोणचाळीस ते एकेचाळीस आठवड्यांतलं बाळ पूर्ण दिवसांचं, त्यामुळे ठरल्या दिवशी कळा आल्या नाहीत तर घाबरायचं नाही. एकेचाळीस पुरे झाले की पाणी आणि ठोके बघून कळा आणायचं बोलतो, बेचाळीसपर्यंत थांबत नाही. हा सगळा हिशेब पहिली तारीख खरी असेल तरच लागू. नसेल, तर बाईला दर दोन दिवसांनी बोलावतो, बाळाची हालचाल मोजायला सांगतो, आणि खात्री नसताना निर्णय घेतो.

माझं बोलणं संपलं. प्रश्नांसाठी अर्धा तास ठेवला आहे. काही जणी रिपोर्ट घेऊन आल्या आहेत असं मघाशी समजलं. पुढे येताना पहिल्या सोनोग्राफीचा कागद वर ठेवा, बाकीचे खाली.